गळा आमचा, माईक कुणाचा? सदाशिव पेठ, पुणे आकाशवाणी आणि 'शुद्ध' आवाजाचा इतिहास

जून २०२३ मध्ये प्रसार भारतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्रातला प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपवायचे ठरवले. पुण्यात गदारोळ झाला. राजकीय पुढाऱ्यांपासून जुन्या श्रोत्यांपर्यंत सगळ्यांनी विरोध केला आणि काही दिवसांतच निर्णयाला स्थगिती मिळाली. सार्वजनिक संस्था मोडीत काढायला आमचाही विरोधच होता, आजही आहे. सरकारी शाळा, सरकारी दवाखाना आणि सरकारी रेडिओ यांची गरज बंगल्यातल्या माणसापेक्षा वस्तीतल्या माणसाला जास्त असते.

पण त्या दिवसांत जो आठवणींचा महापूर आला, त्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होते. "काय ते शुद्ध उच्चार! काय ती मराठी! आता तसे आवाज राहिले नाहीत." हे वाक्य आम्हाला खटकले. 'शुद्ध' या शब्दाला या देशात फार जुना आणि फार कडू इतिहास आहे. पाणी शुद्ध, अन्न शुद्ध, रक्त शुद्ध आणि मग आवाजही शुद्ध? रेडिओवर चेहरा दिसत नाही, आडनाव पुसता येते, मग जात कशी कळते? जात कळते ती उच्चारातून. म्हणून मराठी रेडिओच्या लोकप्रिय निवेदकांचा इतिहास हा नुसता गोड आठवणींचा विषय नाही. महाराष्ट्राच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाला मिळाला, याचा तो इतिहास आहे.

पेठ नव्हे, विशेषण

सदाशिव पेठ ही पेशवाईतली वसाहत. पानिपतात पडलेल्या सदाशिवराव भाऊंचे नाव तिला मिळाले. भारत इतिहास संशोधक मंडळ इथलेच. टिळक रस्त्यावरची महाराष्ट्र साहित्य परिषद इथलीच. टिळक स्मारक मंदिर, भरत नाट्य मंदिर, स. प. महाविद्यालय हे सगळे याच परिसरातले. म्हणजे इतिहास कोणता खरा, पुस्तक कोणते चांगले, नाटक कसे करावे आणि बोलावे कसे, हे ठरवणारी माणसे चालत एकमेकांच्या घरी जाऊ शकतील एवढ्या अंतरावर राहत होती. त्यामुळे 'सदाशिवपेठी' हा शब्द पत्ता राहिला नाही. मराठी साहित्याच्या वादात तो विशेषण झाला आणि त्याचा अर्थ झाला एका जातवर्गाचे अनुभवविश्व, जे स्वतःला अखिल महाराष्ट्र समजते.

याच शहरात पेशवाईत अस्पृश्याने गळ्यात मडके बांधून फिरावे असा दंडक होता, याची आठवण बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या न झालेल्या भाषणात करून दिली. थुंकीने रस्ता बाटू नये म्हणून ते मडके. ज्या गळ्यावर मडके बांधले, त्याच गळ्याची पुढे माईकसमोर परीक्षा घेतली जाणार होती.

महात्मा फुल्यांनी हे फार आधी ओळखले होते. १८८५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांची सभा भरली. त्यांनाही निमंत्रण होते. जे लोक माणसाला माणसाचे हक्क मनापासून द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभेत आणि पुस्तकांत आमचे म्हणणे येणार नाही, असे कळवून त्यांनी जायचे नाकारले. त्यांचे पत्र आजही मराठी साहित्य व्यवहाराच्या घशात अडकलेले आहे.

योगायोग असा की त्याच १८८५ साली ब्रिटिश सरकारने भारतीय तार कायदा केला. पुढे रेडिओ आला तेव्हा याच कायद्याच्या आधाराने आकाशातल्या लहरींवर सरकारची मक्तेदारी राहिली. ही तारीख लक्षात ठेवावी, कारण आमच्या मांडणीचा कणा तिथे आहे.

'मूकनायक' काढता आला, रेडिओ काढता आला नाही

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला. पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही, ही गोष्ट चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण तिचा पुढचा अर्थ आपण नीट पाहत नाही. एका वर्तमानपत्राने दार बंद केले तरी दुसरे वर्तमानपत्र काढता येत होते. 'मूकनायक' नंतर 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' निघाले. पैसा नव्हता, कागद मिळायची मारामार होती, पण कायद्याने मनाई नव्हती.

रेडिओचे तसे नव्हते. मुंबईत १९२७ साली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले, नागपूर केंद्र १९४८ साली आणि पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. या सगळ्या काळात आकाशवाणीने दार उघडले नाही, तर दुसरे दारच नव्हते. स्वतःचा रेडिओ काढणे हा गुन्हा होता. म्हणून निवेदकाच्या चाचणीसाठीची ती छोटी बंद खोली एखाद्या विद्यापीठापेक्षा मोठी सत्ता बाळगून होती. तिथे बसलेली चार माणसे 'हा आवाज चालेल' म्हणाली की तो आवाज महाराष्ट्राचा झाला. 'नाही' म्हणाली की तो माणूस वस्तीत परत.

आवाज ज्यांनी गाजवले

पुणे केंद्र शिवाजीनगरला, म्हणजे नदीच्या पलीकडे. पण त्याचा कान आणि जीभ बहुतांशी पेठांतली होती. त्यात काम करणाऱ्या माणसांच्या कर्तबगारीवर आमचा आक्षेप नाही. सुधा नरवणे यांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या वाचल्या त्या वर्षानुवर्षे. पुढे लष्करप्रमुख झालेले जनरल मनोज नरवणे यांच्या त्या मातोश्री. बातम्या देताना त्यांनी स्वतःचे नाव उच्चारले की घड्याळ लावणारी घरे होती आणि त्यात आमचीही घरे होती. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रावर दीर्घकाळ ग्रामीण कार्यक्रम पाहत होते. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत होते. तिकडे मुंबई केंद्रावर बाळ कुडतरकरांनी कामगारांसाठीच्या कार्यक्रमापासून श्रुतिकांपर्यंत आवाजाचे राज्य केले. 'पुन्हा प्रपंच'मधले प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी, म्हणजे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि कुडतरकर, हे तर लोकांना शेजारी वाटत.

आडनावांची यादी करून माणसांना लहान ठरवण्यात आम्हाला रस नाही. ही माणसे मेहनती होती. संहिता पुन्हा पुन्हा वाचणे, सेकंदांचा हिशेब ठेवणे, खोकला आला तर माईकपासून कसे वळायचे हे शिकणे, हा कठीण व्यवसाय आहे. त्यात नोकरीची सुरक्षितता नव्हती. आकाशवाणीत निवेदक, वादक, लेखक यांना बरीच वर्षे 'स्टाफ आर्टिस्ट' म्हणून कराराने ठेवले जाई. आजही नैमित्तिक निवेदकाला महिन्याला मोजक्या ड्युट्या मिळतात आणि ड्युटीप्रमाणे पैसे.

पण नेमके इथेच समाजशास्त्र सुरू होते. कराराची, अनिश्चित उत्पन्नाची, 'आवड म्हणून' करायची नोकरी कोण करू शकते? ज्याच्या घरात दुसरे उत्पन्न आहे, ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, ज्याच्या ओळखीत कुणीतरी 'चाचणी आहे, येऊन जा' असे सांगणारे आहे. आरक्षण पदाला लागते. आवाज 'गोड' आहे की 'रांगडा', हे ठरवणाऱ्या कानाला आरक्षण लागत नाही. 'न' आणि 'ण', 'श' आणि 'ष' यांचा फरक ज्या घरात पाळण्यापासून कानावर पडतो, त्या घरातल्या मुलाला त्याचे श्रेय काय? आणि ज्या घरात 'पानी' म्हणतात, त्या घरातल्या मुलीचा दोष काय? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. आम्ही सरळ म्हणतो: वडिलोपार्जित इस्टेट.

आमच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलीने काही वर्षांपूर्वी एका केंद्रावर निवेदनाची चाचणी दिली. मराठीत एम. ए., वक्तृत्वाची बक्षिसे घेतलेली. चाचणीनंतर तिला सांगण्यात आले, "आवाज छान आहे, पण बोलण्यात वस्ती येते." ती हसत हसत आम्हाला सांगत होती आणि आम्हाला हसू येत नव्हते. बोलण्यात पेठ आली तर ती प्रमाण, वस्ती आली तर तो दोष!

एक कबुलीही देतो. हा लेखही आम्ही त्याच प्रमाण मराठीत लिहितो आहोत. शाळेत आमची जीभ घासून घासून तशी केली गेली. घरी गेलो की आजी म्हणते, "रेडूवानी बोलू नगं." तिच्या त्या एका वाक्यात या लेखाचा सगळा इतिहास आहे.

शुद्धतेचा पराभव कुणी केला?

आवाजाच्या शुद्धतेचा हा आग्रह फक्त पुण्याचा नव्हता. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. लोकांची अभिरुची सुधारायची म्हणून त्यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार केले. लोकांनी काय केले? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. डिसेंबर १९५२ मध्ये तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानी घराघरांत पोहोचले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गेले तेव्हा देश हळहळला. याच सयानींना आकाशवाणीच्या हिंदी चाचणीत उच्चारांवर गुजराती-इंग्रजीची छाप आहे म्हणून नाकारले गेले होते, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. त्यांच्या आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' हे पत्र चालवत. त्या पत्राच्या कामातून सयानींना साधी हिंदुस्तानी सापडली.

चाचणीने नापास केलेला माणूस भारतीय रेडिओतला सर्वांत लोकप्रिय आवाज झाला. मग चूक कुणाची होती? आवाजाची की कानाची? अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करून लोकांच्या आवडीपुढे नमावे लागले. पण सयानींना परदेशी केंद्राची वाट मिळाली. भीमनगरातल्या पोरांना कोणते सिलोन होते?

बाबासाहेब माईकसमोर

आमच्या लोकांना एक गोष्ट अभिमानाने सांगायला हवी. बाबासाहेब स्वतः रेडिओवरून बोलले. मजूरमंत्री असताना मुंबई केंद्रावरून त्यांनी युद्ध आणि भारतीय कामगार या विषयावर भाषण दिले. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी ऑल इंडिया रेडिओवरून त्यांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान मांडले. आपले तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांत आहे, पण ते फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नसून आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतले आहे, हे त्यांनी त्या भाषणात देशाला सांगितले. मे १९५६ मध्ये बीबीसीवरून त्यांनी आपल्याला बौद्ध धम्म का आवडतो ते सांगितले. लिखित शब्दाइतकेच बोलल्या शब्दाचे बळ ते जाणत होते.

आता तीन प्रसंग एका ओळीत ठेवू. त्या भाषणानंतर पावणेतीन महिन्यांनी, २५ डिसेंबर १९५४ रोजी, बाबासाहेबांनी पुण्याजवळ देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आणखी तीन महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी. आणि त्या मालिकेनंतर काही महिन्यांतच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धम्मचक्र प्रवर्तन झाले.

'गीतरामायण' ही मोठी कलाकृती आहे, यावर आमचा वाद नाही. वाद असा आहे की सगळ्यांच्या करातून चालणाऱ्या केंद्रावरून एक देवकथा वर्षभर घरोघर गेली. रेडिओला हार घातले गेले, उदबत्त्या लावल्या गेल्या, असे लोक कौतुकाने सांगतात. आणि त्याच वर्षांत त्याच जिल्ह्यात घडलेली, लाखोंचे आयुष्य बदलणारी धम्माची हालचाल लोकांपर्यंत कशी गेली? ती गेली जलशांतून, कव्वाल्यांतून, वामनदादा कर्डकांसारख्या कवी-गायकांच्या पायपिटीतून. एकीकडे ट्रान्समीटर, दुसरीकडे चप्पल. तरीही चप्पल नागपूरला पोहोचली, हा आमचा इतिहास आहे. पण ट्रान्समीटर मिळाला असता तर काय झाले असते, हा प्रश्न विचारायचा आम्हाला हक्क आहे.

'आकाशवाणी' की संवाद?

पुराणात आकाशवाणी होते तेव्हा वरून आवाज येतो. तो कुणाचा ते विचारायचे नसते, उलट उत्तर द्यायचे नसते. बुद्धांची रीत उलटी आहे: या, पाहा, तपासा, मग स्वीकारा. कालामांना त्यांनी हेच सांगितले. रेडिओचे नाव आपण पहिल्या परंपरेतून घेतले आणि त्याची रीतही.

पण पुणे केंद्राच्याच इतिहासात एक वेगळे पान आहे आणि दुर्दैवाने आठवणींच्या लेखांत ते क्वचित येते. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम, एकूण वीस. गावात सुमारे वीस माणसांचा गट एकत्र बसून ऐके, मग चर्चा करी आणि प्रश्न केंद्राकडे पाठवी. केंद्र पुढच्या कार्यक्रमात उत्तरे देई. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्याचे सूत्र होते. टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी त्याचे मूल्यमापन केले पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञाने. नाझींच्या छळछावण्या स्वतः भोगून आलेला हा माणूस महाराष्ट्राच्या गावांत रेडिओभोवती बसलेल्या शेतकऱ्यांचे निरीक्षण करत होता. प्रयोग यशस्वी ठरला आणि १९५९ पासून तो देशभर नेला गेला.

आम्हाला त्यात दोन गोष्टी दिसतात. पहिली, रेडिओ ऐकूही शकतो. निवेदक वरून बोलणारा न राहता गावाला उत्तर देणारा होऊ शकतो. दुसरी, 'गाव एकत्र बसले' असे म्हटले की आमचा पहिला प्रश्न असतो, कुठे बसले? चावडीत, देवळात की पाटलाच्या ओट्यावर? आणि महारवाड्यातला माणूस कुठे बसला? वीस जणांच्या गटात जागा मिळणे आणि त्या गटात तोंड उघडता येणे, यांत अख्ख्या गावगाड्याचे अंतर आहे. माईकचा प्रश्न स्टुडिओत सुरू होत नाही. तो ओट्यावर सुरू होतो.

गळा आमचा, निवेदन त्यांचे

कुणी म्हणेल, तुमच्या लोकांना रेडिओवर जागा होतीच की. लोकगीते होती, पोवाडे होते. होते, नक्कीच होते. शाहीर विठ्ठल उमपांसारखा खणखणीत आवाज आकाशवाणीने ऐकवला. पण विभागणी पाहा. शास्त्रीय, सुगम आणि लोकसंगीत. आमच्या वाट्याला आले लोकसंगीत. गायला बोलावले, बोलायला नाही. गाणे संपले की 'आपण ऐकत होता' म्हणणारा आवाज दुसऱ्याचा. गाण्याचा अर्थ काय, ते कुठून आले, त्याला कोणत्या नावाने हाक मारायची, हे ठरवायचा हक्क निवेदकाचा. बलुतेदारीत वाजवणारा वेगळा आणि मांडवात बसून दाद देणारा वेगळा, तीच रचना स्टुडिओत गेली.

उमप गेले ते नोव्हेंबर २०१० मध्ये, नागपूरच्या दीक्षाभूमीवर, बुद्धांच्या नावाच्या दूरचित्रवाहिनीच्या कार्यक्रमात, रंगमंचावरच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या माईकवर गायलेला हा शाहीर शेवटी आपल्या माणसांच्या माईकसमोर कोसळला. आम्हाला हा नुसता योगायोग वाटत नाही.

लहरी जनतेच्या, लिलाव कोट्यधीशांचा

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निकाल दिला: ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची खासगी जहागीर नाही. १८८५ च्या कायद्यावर उभी असलेली मक्तेदारी तिथे हलली. तो निकाल लिहिणाऱ्यांत होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत. हेच सावंत पुढे पुण्यात आमच्या चळवळींसोबत उभे राहिले आणि शनिवारवाड्यावरच्या ३१ डिसेंबर २०१७ च्या एल्गार परिषदेच्या आयोजकांत होते. लहरी जनतेच्या आहेत हे सांगणारा माणूस आपला होता, हे किती जणांना माहीत आहे?

पण जनतेच्या लहरींचे पुढे काय झाले? २००१ पासून खासगी एफएम आले आणि लहरींचा लिलाव झाला. जात गेली आणि पैसा आला असे म्हणावे, तर तेही खरे नाही. पैशाआड जात राहिली. आजचा आरजे 'शुद्ध' बोलत नाही, मराठी-हिंदी-इंग्रजीची मिसळ बोलतो. पण ती मिसळ मॉलमधली असते, वस्तीतली नाही. वस्तीची बोली रेडिओवर येते ती बहुधा खोड्या काढणाऱ्या फोनमधल्या विनोदी पात्राच्या तोंडी. शिवाय खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावता येतात. म्हणजे आरजेला अत्याचाराची बातमी सांगायची मुभा नाही, लग्नाच्या साड्यांच्या सेलची आहे.

वाट दाखवली ती तेलंगणातल्या दलित बायकांनी. झहीराबादजवळच्या माचनूर गावात ऑक्टोबर २००८ मध्ये 'संघम रेडिओ' सुरू झाला. तो चालवतात शेतमजुरी करणाऱ्या दलित स्त्रिया. 'जनरल' नरसम्मा आणि अलगोल नरसम्मा यांनी माईक हातात घेतला, ध्वनिमुद्रण शिकल्या, बियाण्यांवर, पिकांवर, बाळंतपणावर, सणांवर आपल्याच तेलुगू बोलीत बोलल्या. कुणी त्यांचे 'ण' तपासले नाहीत. ऐकणाऱ्या बायकांना तो आवाज आपला वाटला, हीच त्यांची चाचणी. आपल्याकडे साताऱ्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' आहे, विद्यापीठांची सामुदायिक केंद्रे आहेत. पण महाराष्ट्रात जिथे दर दोन मैलांवर बुद्धविहार आहे, तिथे आमचे रेडिओ केंद्र का असू नये? २००६ पासून नोंदणीकृत संस्थांना सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू शकतो. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेवर जो पैसा जातो, त्याचा हिशेब प्रत्येक मंडळाने एकदा करून पाहावा. हे बोलणे कडू लागेल, पण घरचे आहे.

मग मागणी काय?

पुणे आकाशवाणी वाचली पाहिजे. पण ती आठवणींचे संग्रहालय म्हणून नव्हे. निवेदकांच्या निवड समित्यांवर सामाजिक प्रतिनिधित्व हवे. नैमित्तिक निवेदकांच्या निवडीतही आरक्षणाचे तत्त्व हवे. उच्चारांच्या चाचणीत 'प्रमाण' हा एकच निकष न राहता वऱ्हाडी, अहिराणी, माणदेशी, झाडीबोली आणि वस्तीची मराठी बोलणाऱ्यांना निवेदक म्हणून, फक्त पात्र म्हणून नव्हे, जागा हवी. जुन्या ध्वनिफितींच्या संग्रहात बाबासाहेबांची आणि आंबेडकरी कलावंतांची जी ध्वनिमुद्रणे असतील, ती लोकांसाठी खुली हवीत. आणि आमच्या बाजूने, प्रत्येक विहारात मोबाईलवर का होईना, आजीचा, शाहिराचा, सफाई कामगाराचा आवाज नोंदवण्याचे काम या वर्षावासात सुरू व्हायला हवे.

सुधा नरवण्यांचा आवाज आम्हालाही आठवतो आणि त्या आठवणीचा आम्ही अपमान करणार नाही. फक्त एवढेच म्हणतो, त्या आवाजाशेजारी आमच्या आजीचा आवाज असता तर महाराष्ट्र अधिक खरा ऐकू आला असता. 'मूकनायक' या नावात मुक्या माणसांचा नायक होता. आता मुके राहायचे कारण उरलेले नाही. गळा आमचा आहे, आता माईकही आमचा करू.

जय भीम!